दाखल-खारीज नोंदवहीतले हायस्कूल : यवतमाळ जिल्हा परिषदेस खुले पत्र

यवतमाळ जिल्हा परिषदेचे पदाधिकारी, मुख्य कार्यकारी अधिकारी आणि माध्यमिक शिक्षण विभाग यांस,



जिल्ह्यातील एखाद्या सार्वजनिक हायस्कुलाविषयी, म्हणजे जिल्हा परिषदेच्या किंवा शासनाच्या खर्चाने चालणाऱ्या आणि गावातल्या कोणत्याही घरच्या मुलाला दार उघडे ठेवणाऱ्या माध्यमिक शाळेविषयी निर्णय घेण्याची वेळ येते, तेव्हा टेबलावरच्या कागदात एक आकडा सर्वांत ठळक असतो, आणि तो म्हणजे ३० सप्टेंबरची पटसंख्या. त्या दिवशीच्या पटावरून संचमान्यता ठरते. संचमान्यता म्हणजे शाळेला किती शिक्षकपदे मंजूर राहतील याचा वार्षिक हिशेब. पट घसरला की पदे कमी होतात, पदे कमी झाली की विषयशिक्षक नाहीत म्हणून पालक मुलांना दुसरीकडे घालतात, आणि पुढच्या वर्षीचा पट आणखी खाली येतो. हा आकडा खोटा नसतो, पण तो एका दिवसाचा असतो. त्याच शाळेच्या कपाटात दुसराही एक दस्तऐवज असतो, ज्यात शाळेत पाऊल टाकलेल्या प्रत्येक मुलाची ओळ असते आणि ज्याला वऱ्हाडात दाखल-खारीज रजिस्टर म्हणतात. शाळेचे भवितव्य ठरवण्यापूर्वी हे रजिस्टर जपले जावे, वाचले जावे आणि त्यावरून त्या शाळेचा इतिहास लिहिला जावा, एवढीच या पत्राची मागणी आहे. उदाहरणासाठी बाभुळगाव तालुका समोर ठेवला आहे.

या मागणीमागचे कारण समजण्यासाठी वऱ्हाडातील शिक्षणाचा क्रम थोडक्यात पाहावा लागतो. १८५३ च्या तहाने निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला आणि पुढच्या दशकांत अमरावती व अकोला ही शिक्षणाची पहिली केंद्रे झाली. आजचा यवतमाळ जिल्हा त्या काळी वणी जिल्हा म्हणून ओळखला जाई. १९०५ च्या पुनर्रचनेत वाशीम जिल्ह्यातला पुसद तालुका त्याला जोडला गेला आणि जिल्ह्याला मुख्यालयाचे नाव मिळाले. यवतमाळ, दारव्हा, पुसद, वणी आणि केळापूर एवढ्याच पाच तालुक्यांच्या या विस्तीर्ण जिल्ह्यात बाभुळगाव हे यवतमाळ तालुक्यातले एक गाव होते. अशा गावातल्या मुलाचे शिक्षण बहुधा मराठी सातवीला, म्हणजे व्हर्नाक्युलर फायनल या परीक्षेला संपे. ही परीक्षा उतरलेला मुलगा प्राथमिक शिक्षक होऊ शके किंवा पटवाऱ्याच्या कामाची आशा धरू शके, आणि त्या काळच्या शेतकरी घराला तेवढे पुष्कळ वाटे. इंग्रजी शिकायचे असेल तर आधी अँग्लो-व्हर्नाक्युलर शाळा, म्हणजे मराठीबरोबर इंग्रजी शिकवणारी मधली शाळा गाठावी लागे आणि पुढे हायस्कुलासाठी शहरात राहण्या-जेवण्याची सोय करावी लागे. ती सोय ज्यांच्या नातलगांत किंवा खिशात होती तेवढेच मॅट्रिकपर्यंत पोचले. हायस्कूल गावापासून किती लांब आहे यावर कोण शिकणार हे ठरत होते, आणि म्हणूनच हायस्कूल तालुक्याच्या गावापर्यंत येणे ही या प्रदेशाच्या सामाजिक इतिहासातली मोठी घटना आहे, जरी तिचे वर्णन इतिहासग्रंथांत फारसे सापडत नाही.

ही घटना कोणा एकाच्या कर्तृत्वाने घडलेली नाही. अमरावतीत डॉ. पंजाबराव देशमुख १९२८ मध्ये जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले आणि पुढे १९३२ मध्ये त्यांनी श्री शिवाजी शिक्षण संस्थेची उभारणी केली. त्यामुळे खेड्यातल्या बहुजन मुलांसाठी शाळा व वसतिगृहे यांची एक वाट तयार झाली. दुसरी वाट सार्वजनिक संस्थांची होती. मध्यप्रांत व वऱ्हाडच्या १९४८ च्या स्थानिक शासन कायद्याने जनपद सभा अस्तित्वात आल्या. जनपद सभा म्हणजे तालुका हे एकक धरून शिक्षण, रस्ते, आरोग्य यांचा कारभार पाहणारी लोकनियुक्त संस्था, आणि विदर्भात तिने शाळाही चालवल्या. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला, आणि लोकशाही विकेंद्रीकरणाचा विचार करण्यासाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्षपद याच जिल्ह्यातील पुसदजवळच्या गहुली गावचे वसंतराव नाईक यांच्याकडे होते. त्या समितीच्या अहवालानंतर १९६१ चा जिल्हा परिषद व पंचायत समिती कायदा झाला, १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा कामाला लागल्या आणि जनपदांच्या शाळा त्यांच्याकडे आल्या. पश्चिम महाराष्ट्रात माध्यमिक शिक्षणाचा मोठा भार रयत शिक्षण संस्थेसारख्या खासगी संस्थांनी उचलला, त्यामुळे तेथील जिल्हा परिषदांकडे हायस्कुले थोडी आहेत. विदर्भात जनपदांच्या आणि मराठवाड्यात निजामी राजवटीतल्या सरकारी शाळांच्या वारशामुळे ती अधिक आहेत. जिल्हा परिषदेने हायस्कूल चालवणे म्हणजे आपल्या कामाच्या बाहेरचे ओझे वाहणे, असा सूर प्रशासनात अधूनमधून उमटतो. त्याला हा इतिहास पुरेसे उत्तर आहे, कारण यांतल्या अनेक शाळा जिल्हा परिषदेने हौसेने काढलेल्या नसून ती स्वतः जन्मली त्याच दिवशी तिच्या हाती सोपवलेल्या आहेत.

बाभुळगाव यवतमाळहून धामणगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे, आणि धामणगाव हे मुंबई-नागपूर लोहमार्गावरचे स्थानक असल्याने कापसाच्या गाड्या, व्यापारी, टपाल आणि बातम्या यांची ये-जा या रस्त्याने पूर्वीपासून राहिली. स्वातंत्र्यसैनिक आणि पुढे ‘लोकमत’चे संस्थापक झालेले जवाहरलाल दर्डा यांचा जन्म १९२३ मध्ये याच बाभुळगावात झाला. पण एका गावातून एक नामवंत निघाला एवढे सांगून शाळांचा इतिहास संपवण्याची आपल्याकडची रीत अपुरी आहे. शाळेचे खरे काम त्या शेकडो नावांत असते ज्यांचे पुढे पुस्तक झाले नाही : जी सावर, घारफळ, राणी अमरावती अशा गावांतून आली, नववीत किंवा दहावीत थांबली, शेतीत, एस.टी.त, पोलिसांत, अंगणवाडीत, ग्रामपंचायतीत गेली आणि ज्यांच्या घरात वाचता येणारी ती पहिली पिढी होती. ही नावे सापडण्याची जागा एकच आहे.

दाखल-खारीज रजिस्टराची एक ओळ आडवी वाचली तर तिच्यात अनुक्रमांक, विद्यार्थ्याचे व वडिलांचे नाव, जात, जन्मस्थळ, अंकी व अक्षरी जन्मतारीख, आधीची शाळा, प्रवेशाचा दिनांक व वर्ग, प्रगती, वर्तणूक, शाळा सोडल्याचा दिनांक आणि सोडण्याचे कारण असे रकाने असतात. तीच ओळ सोडून रकाना उभा वाचला की वैयक्तिक नोंदीचा सामाजिक पुरावा होतो. आधीच्या शाळेचा रकाना सलग वीस वर्षे वाचला तर हायस्कुलाचा पसारा किती गावांपर्यंत होता आणि रस्ता झाल्यावर किंवा शेजारच्या गावी शाळा निघाल्यावर तो कसा आकसला हे कळते. प्रवेशाची तारीख आणि जन्मतारीख यांतील अंतरावरून आठवीत बसणाऱ्या मुलाचे वय कसे कमी होत गेले ते दिसते. मुलींची पहिली नोंद कोणत्या वर्षाची, ती कोणत्या वर्गात थांबली, पहिली मुलगी दहावीपर्यंत केव्हा पोचली, कोलाम, गोंड, आंध, परधान, बंजारा, पारधी समाजांतील मुले पटावर केव्हा आली आणि किती काळ टिकली, या प्रश्नांची उत्तरे जिल्ह्याच्या कोणत्याही छापील अहवालापेक्षा या रकान्यांत अधिक नेमकी मिळतील. सर्वांत बोलका रकाना शेवटचा आहे. शाळा सोडण्याच्या कारणाखाली ‘पुढील शिक्षणासाठी’, ‘सतत गैरहजर’, ‘पालकाच्या विनंतीवरून’ असे ठरीव शब्द असतात आणि त्यांच्या आड लग्न, स्थलांतर, आजारपण, कर्ज लपलेले असते. तरीही शाळा सोडल्याचा महिना लपत नाही. ज्या भागात कापसाची वेचणी दिवाळीच्या सुमारास सुरू होऊन पुढे हिवाळाभर चालते, तेथे नावे कोणत्या महिन्यांत गळतात हे मोजले, तर शेतीचे वेळापत्रक आणि शाळेचे वेळापत्रक यांतला जुना तंटा आकड्यांनी मांडता येईल. त्याच रजिस्टरात दुष्काळी वर्षे, १९७२ ची कापूस एकाधिकार खरेदी योजना, आणि २००६ मध्ये केंद्राने विदर्भाच्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी विशेष पॅकेज जाहीर केले त्यांत यवतमाळला आणणारी शेतीची दुरवस्था, या साऱ्यांचा शाळेवर काय परिणाम झाला हे तपासता येईल.

बाभुळगाव तालुक्यासाठी या नोंदींना आणखी एक मोल आहे. खडकसावंगा येथे बेंबळा नदीवर धरण झाले तेव्हा बुडीत क्षेत्रातील गावे हलली, लोक पुनर्वसित वसाहतींत गेले, आणि गाव हलले की त्याची कागदपत्रेही विखुरतात. ज्या गावाची जुनी जागा आज पाण्याखाली आहे, त्या गावचा रहिवासी म्हणून एखाद्या मुलाचे नाव हायस्कुलाच्या रजिस्टरात लिहिलेले असेल, तर ती त्या गावाच्या अस्तित्वाची एक सरकारी साक्ष आहे आणि ती जपण्याची जबाबदारी सामान्य दप्तराहून मोठी आहे.

रजिस्टर मात्र सगळे सांगत नाही. विद्यार्थिजीवन हे रकान्यांत न मावणारे असते, आणि त्याचा इतिहास लिहायचा तर ज्यांनी ते जगले त्यांच्याकडेच जावे लागेल. विदर्भातल्या उन्हामुळे शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटच्या आठवड्याच्या सुमारास उघडते, आणि उन्हाळा चढू लागला की सकाळची शाळा लागते. पेरणी आणि शाळा एकाच पंधरवड्यात सुरू होण्याचा हा अनुभव या प्रदेशाचा स्वतःचा आहे. घरात वऱ्हाडी, तांड्यावर गोरमाटी, पोडावर कोलामी किंवा गोंडी बोलणारी मुले एका बाकावर बसून पाठ्यपुस्तकाची प्रमाण मराठी वाचायला शिकली. त्या शिकण्यात काय गमावले आणि काय कमावले गेले हे आज सत्तरीत असलेली माणसेच सांगू शकतील. प्राथमिक शाळेतले गुरुजी मागे राहून हायस्कुलात ‘सर’ आणि ‘बाई’ भेटणे, इंग्रजीचा धाक, गणिताची भीती, स्नेहसंमेलनासाठी रात्रीपर्यंत चालणाऱ्या तालमी, १५ ऑगस्ट व २६ जानेवारीच्या प्रभातफेऱ्या, राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या प्रभावाखालच्या गावांतली सामुदायिक प्रार्थना, खो-खो आणि कबड्डीचे तालुकास्तरीय सामने, ही सामग्री थोडी नाही. वऱ्हाडातल्या शाळांत मैदानी खेळांना जे स्थान मिळाले त्यामागे १९१४ मध्ये अमरावतीत स्थापन झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा आणि तेथे तयार झालेल्या क्रीडाशिक्षकांचा वाटा आहे. तो वाटा गावपातळीवर कसा पोचला हेही शाळाशाळांच्या इतिहासातूनच उलगडेल.

परीक्षेचा बदलही या आठवणींत नोंदवायला हवा. जुनी मॅट्रिक अकरावीला होती. १० अधिक २ अधिक ३ या आकृतिबंधात, म्हणजे दहा वर्षे शाळा, दोन वर्षे उच्च माध्यमिक आणि तीन वर्षे पदवी अशा रचनेत, दहावीची पहिली बोर्डपरीक्षा मार्च १९७५ मध्ये झाली. एकाच वर्षी अकरावीचे जुने आणि दहावीचे नवे असे दोन्ही विद्यार्थी परीक्षेला बसले. त्या वर्षीचे शिक्षक दोन अभ्यासक्रम एका वेळी कसे पेलत होते हे सांगणारे आज हयात आहेत, पण त्यांचे वय वाढते आहे. शुल्कमाफीचेही तसेच आहे. आर्थिकदृष्ट्या मागास घरांतील मुलांसाठी १९५९ पासून मिळालेली ई.बी.सी. सवलत, पुढे मुलींना बारावीपर्यंत मिळालेले मोफत शिक्षण, ग्रामीण मुलींसाठीचे मोफत एस.टी. पास, मानव विकास कार्यक्रमातून यवतमाळसारख्या जिल्ह्यांत आलेल्या निळ्या बसगाड्या आणि सायकली, या प्रत्येक पायरीने पटावर नेमकी किती नावे वाढवली हे एका शाळेचे रजिस्टर आणि त्या शाळेच्या माजी विद्यार्थिनींचे बोलणे शेजारी ठेवल्याशिवाय समजणार नाही. एस.टी.ची एक फेरी रद्द झाल्याने एखाद्या गावच्या सगळ्या मुलींची नववी सुटू शकते. धोरणाच्या कागदावर ही गोष्ट दिसत नाही.

शासनाला या रजिस्टरांचे मोल ठाऊक नाही असे म्हणता येणार नाही, कारण एका कामासाठी ती नेहमीच उघडली जातात. जातप्रमाणपत्राच्या पडताळणीत अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागास वर्गांसाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांपूर्वीचा पुरावा मागितला जातो आणि आजोबांच्या शाळेची नोंद हा त्यातला महत्त्वाचा आधार ठरतो. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामात कुणबी नोंदींच्या शोधासाठी महसुली दप्तराबरोबर शाळांची प्रवेश-निर्गम, म्हणजेच दाखल-खारीज, रजिस्टरेही पाहिली गेली. त्या शोधातून एक गोष्ट सिद्ध झाली : इच्छा असेल तर जिल्हाभरातली जुनी रजिस्टरे शोधता, वाचता आणि संगणकावर घेता येतात. मात्र त्या वाचनात नजर एकाच रकान्यावर होती. उरलेले रकाने वाचण्यासाठी नवी यंत्रणा उभारण्याची गरज नाही. झालेले काम पुढे न्यायचे आहे.

हे काम शाळेतील मुलांच्या हातून करून घेता येते याचा जगातला एक नामांकित दाखला आयर्लंडचा आहे. १९३७ ते १९३९ या काळात तेथील लोकसाहित्य आयोगाने शिक्षण खात्याच्या साहाय्याने सुमारे पाच हजार प्राथमिक शाळांतील वरच्या वर्गांच्या जवळपास पन्नास हजार मुलांना आपापल्या घरी आणि गावात जाऊन वडीलधाऱ्यांकडून स्थानिक इतिहास, कामधंदे, सण, जुन्या शाळा, दुष्काळाच्या आठवणी लिहून आणायला सांगितले. निबंधलेखनाच्या तासांची जागा या कामाला दिली गेली, म्हणजे वेळ आणि श्रम शाळेच्या नेहमीच्या चौकटीतच राहिले. त्यातून लाखो पानांचा जो संग्रह तयार झाला तो आज त्या देशाचा राष्ट्रीय ठेवा आहे आणि महाजालावर सर्वांना खुला आहे. आयर्लंड तेव्हा श्रीमंत देश नव्हता. यवतमाळच्या आठवी-नववीच्या मुलांना मराठीच्या आणि इतिहासाच्या प्रकल्पात ‘माझ्या शाळेत शिकलेला सर्वांत वयस्क माणूस’ हा विषय दिला, तर एका वर्षात तालुक्याचा असा इतिहास जमेल जो कोणत्याही बाहेरच्या अभ्यासकाला जमवता येणार नाही, कारण आजीशी बोलण्यासाठी नातवाला परवानगी लागत नाही.

आता दप्तराच्या व्यवहाराविषयी. शासकीय कार्यालयांत कागदपत्रांचे वर्गीकरण करून मुदत संपलेली कागदपत्रे नष्ट केली जातात. या कामाला निंदणीकरण म्हणतात. दाखल-खारीज रजिस्टर कायम जतन करावयाचे असल्यामुळे ते त्यातून वाचते, पण शाळेचा इतिहास एकट्या रजिस्टरात नसतो. तपासणी अधिकाऱ्यांचे शेरे असलेले लॉगबुक, निकालपत्रके, शिक्षक हजेरीपट, साठा नोंदवही, स्नेहसंमेलनाचे अहवाल, हस्तलिखित वार्षिक अंक, गटवार छायाचित्रे ही सामग्री मुदतीचे कागद किंवा अडगळ समजून जाते, आणि जी राहते ती पावसाळ्यात गळणाऱ्या खोलीत वाळवीच्या स्वाधीन होते. शाळा दुसरीत विलीन झाली की दप्तर पोत्यांत भरून हलते, आणि त्या पोत्यांचा मागोवा पुढे कोणी ठेवत नाही. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ या कायद्याने सार्वजनिक कागदपत्रांच्या जतनाची जबाबदारी ठरवून दिली आहे आणि पुराभिलेख संचालनालयाचे कार्यालय नागपुरात आहे. जिल्हा परिषदेने पन्नास वर्षांहून जुन्या शाळांच्या कागदपत्रांचे निंदणीकरण तूर्त थांबवावे, प्रत्येक सार्वजनिक हायस्कुलातील जुन्या दप्तराची यादी करून घ्यावी, रजिस्टरांच्या संगणकीय प्रती नागपूरच्या अभिलेखागारात आणि मूळ प्रती शाळेतच ठेवाव्यात. मुख्याध्यापक बदलताना प्रभाराच्या, म्हणजे पदाची सूत्रे दुसऱ्याकडे देण्याच्या कागदांत या दप्तराची यादी जोडणे सक्तीचे केले तर निम्मे नुकसान तिथेच थांबेल. मुले आणि कुटुंबे यांची जात, जन्म व पत्ता या खासगी बाबी असल्याने अभ्यासकांना नावे वगळून तयार केलेली वर्षवार गोषवारा-पत्रके द्यावीत आणि मूळ नोंद ज्याची त्याला किंवा त्याच्या वारसालाच दाखवावी. असा भेद केला तर उघडेपणा आणि खासगीपणा यांत तंटा उरत नाही.

आता पुन्हा शाळेच्या भवितव्याकडे. शिक्षणहक्क कायदा २०१० पासून लागू झाला, पण त्याचे संरक्षण आठवीपर्यंतच पोचते. नववी आणि दहावी, म्हणजे नेमके ज्या दोन वर्षांत खेड्यातल्या मुलीचे लग्न ठरते आणि मुलाच्या हाती वखर येतो, ती त्या कायद्याच्या बाहेर आहेत. त्या दोन वर्षांचा भरवसा गावात किंवा एस.टी.च्या एका फेरीवर असलेले हायस्कूल हाच आहे. शासनाच्या १५ मार्च २०२४ च्या संचमान्यता निर्णयानंतर लहान पटाच्या शाळांतील शिक्षकपदांविषयी राज्यभर जी चिंता व्यक्त झाली तिचे मूळ इथे आहे. कमी पट असलेले प्रत्येक हायस्कूल जसेच्या तसे टिकवावे असा या पत्राचा आग्रह नाही. काही ठिकाणी दोन दुबळ्या शाळांची एक सशक्त शाळा होणे मुलांच्या हिताचेच असेल. आग्रह एवढाच की असा प्रस्ताव जिल्हा परिषदेपुढे येईल तेव्हा पटसंख्येच्या तक्त्यासोबत त्या शाळेच्या रजिस्टराचा गेल्या चाळीस वर्षांचा गोषवारा जोडलेला असावा : कोणत्या गावांतून किती मुले आली, त्यांत मुली किती, नववी-दहावी न सुटता किती पुढे गेली, आणि शाळा हलवली तर त्याच गावांतून नव्या शाळेपर्यंत जायला कोणती बस, कोणत्या वेळी आहे. हा गोषवारा बाभुळगाव पंचायत समितीच्या क्षेत्रात प्रथम करून पाहावा. तालुका लहान आहे आणि जिल्ह्याच्या मुख्यालयाला जवळ आहे. येत्या ३० सप्टेंबरचा पट कळवण्यापूर्वी मुख्याध्यापकांना तशी सूचना गेली तर दिवाळीच्या सुटीपर्यंत पहिली पत्रके तयार होऊ शकतील.

कळावे,

यवतमाळ जिल्ह्यातील शिक्षणाच्या इतिहासाचा एक अभ्यासक